बरा दिसतोस

बेकरीच्या रांगेत मागून कुणीतरी
खांद्यावर हात ठेवतं,
"व्रातिस्लाव! बरा दिसतोस की."
मी मान डोलावतो.
उत्तराला दोन वाक्यांचा खर्च आहे
आणि घरापर्यंतचा चढ अजून बाकी आहे.
शिवाय बरा हा शब्दच सोयीचा,
दुखणं गेलेल्यालाही तोच,
चाललंय आपलं म्हणणाऱ्यालाही तोच.

फेब्रुवारीत ताप उतरला.
पट्टीवर दोनाची एक रेघ झाली.
झ्देन्काने खिडक्या उघडल्या, चादरी उकळल्या.
कोत्र्बाबाईंनी दाराशी सूप ठेवलं
आणि अंगणातूनच ओरडल्या, "उठलास ना? झालं तर!"
उठलो.
आजारातून माणूस उठतो म्हणतात,
उठून कुठपर्यंत जातो ते कुणी म्हणत नाही.
मी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत गेलो.
तिथे आता एक उशी आहे,
आणि हरवलेला चष्मा बहुधा तिथेच सापडतो.

एकतीस वर्षं नोवी बोरमध्ये काच फुंकली.
नळीच्या टोकाला काकवीसारखा गोळा उचलायचा,
फिरवत राहायचं, फिरवत,
आणि ओठ टेकवून द्यायचा श्वास.
जोर नाही. जोर लावणारा पोरगा
पहिल्याच आठवड्यात कळतो.
पोळलेल्या बोटावर आई घालते ना,
तेवढीच फुंकर.

लिबेरेत्सच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी
प्लास्टिकची नळी हातात दिली.
"फुंका. फुंका, फुंका, अजून, अजून—"
मला हसू आलं, आणि हसण्यातच श्वास संपला.
दुसऱ्या खेपेला पडद्यावर एक टेकडी उमटली.
"वयाच्या मानाने छान. फुप्फुसं स्वच्छ, हृदय स्वच्छ."
इतकं सगळं स्वच्छ,
आणि मी खाली पार्किंगमध्ये
आपल्या गाडीचा रंग आठवत उभा.

शब्द असेच जातात.
ज्या निळ्यावर आमचं अर्धं गाव जेवतं
तो निळा, "आकाशाचा नव्हे रे, तो दुसरा..."
शिकाऊ ओताकर हळूच म्हणतो, "कोबाल्ट?"
जणू विसरला तोच होता
आणि माझ्याकडून खात्री करून घेतोय.
पोरगा चांगला आहे. जोर लावत नाही.

कॉफीला जळक्या टायरचा वास येतो.
कांद्याला त्याहून वाईट.
झ्देन्का मागच्या शेडमध्ये शेगडीवर कांदा परतते,
एकटीच जेवते,
केस धुऊन मग माझ्या शेजारी येऊन झोपते.
हे तिने मला सांगितलेलं नाही.
उशी ओली असते.

कारखान्याने आता तपासणीच्या टेबलावर बसवलंय,
दिवसाला तीन तास.
दुसऱ्यांनी फुंकलेले नाताळचे गोळे
दिव्यासमोर धरून बुडबुडे शोधायचे.
खुर्ची उत्तम आहे, पाठीला उशीसुद्धा.
तिसऱ्या तासाला सगळेच गोळे धुकट दिसू लागतात,
मग मी ओताकरला विचारतो,
धुकं काचेच्या कुठल्या बाजूला आहे.

घरी कपाटाच्या वरच्या फळीवर एक गोळा आहे,
दोन हजार सतराच्या हिवाळ्यातला, पैजेवर केलेला,
फुंकून झाल्यावर मान वितळवून बंद केलेला.
आत माझा श्वास आहे.
अख्खा चढ न थांबता चढून आलेला,
बीअर प्यायलेला, कांदा खाल्लेला.

काल रात्री तो खाली काढला.
छातीत धडधडलं, हात वर केले की धडधडतंच.
कानाला लावून पाहिला.
काही नाही, अर्थात. काचच ती.
वळलो तर दारात झ्देन्का, ओल्या केसांची.
"फोडू नकोस हं."
"छे," म्हटलं, "पुसत होतो."
ती थोडा वेळ बघत राहिली,
मग आत जाऊन फडकं घेऊन आली.

पुसावाच लागला.